अक्का आधी मरते

"लेखक, तुम्ही मला आधी मारलंत," इंदूताई म्हणाल्या.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. कागल रस्त्यावरच्या एका बंद तेलगिरणीत आमच्या मालिकेचा सेट होता. गिरणीच्या मागच्या कट्ट्यावर इंदूताई एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर मी लिहिलेल्या सीनची चार पानं. आमच्या धंद्यात नटाला स्वतःचं मरण असंच कळतं, कागद हातात पडल्यावर. त्या रागावणार हे धरूनच मी आलो होतो.

"ताई, चॅनेलचा निर्णय आहे. माझ्या हातात काहीच नव्हतं."

"मारलंत ते ठीक आहे हो. मेल्याशिवाय कुणाची सुटका झालीय मालिकेतून? मी निराळं म्हणतेय. तुम्ही मला आधी मारलंत, बापूंना नंतर. मध्ये दीड पान आहे. ते दीड पान बापू कुणाच्या जिवावर बोलणार?"

मी त्यांच्या मांडीवरची पानं उचलली आणि दुसरं पान उलटलं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि 'चौकी नंबर चार' नावाच्या मालिकेचे संवाद लिहायचो. आठवड्याला एक खून, दोन चोऱ्या, आणि त्या सोडवायला एक इन्स्पेक्टर, ज्याचे दंड त्याच्या अभिनयापेक्षा जास्त बोलायचे. पण लोक मालिका बघायचे ती इन्स्पेक्टरसाठी नाही. बघायचे ते हवालदार गुंडू पाटोळे आणि चौकीच्या आवारात चहाचं कॅन्टीन चालवणारी अक्का, या दोघांसाठी. दोघं साठी उलटलेली. दिवसभर भांडायची, आणि खुनी कोण ते भांडता भांडता इन्स्पेक्टरच्या आधी ओळखायची. हवालदार झाले होते बापू इंगवले आणि अक्का झाल्या होत्या इंदूताई सबनीस.

त्या हवालदाराची एक लकब महाराष्ट्रभर गाजली होती. अक्का विचारायची, "म्हणजे चोर मागच्या दारानं पळाला म्हणा की?" आणि हवालदार मिशीवरून हात फिरवत ठासून सांगायचा, "मागच्या दारानं पळाला." अक्का म्हणायची, "आणि जाताना कुत्र्याला भाकरी टाकून गेला?" "भाकरी टाकून गेला." बाजारात, लग्नात, शाळेच्या स्नेहसंमेलनात लोक या लकबीची नक्कल करायचे. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं की या पुनरुक्तीतून लेखकाने पोलीस खात्यातल्या हुजरेगिरीवर बोट ठेवलं आहे. ते कात्रण मी जपून ठेवलं होतं, आणि ते वाचून इंदूताई पोट धरून हसल्या होत्या.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. त्याच्या दोन वर्षं आधी बापूंना हलकासा झटका आला होता. महिन्याभरात हातपाय सुधारले, बोलणं सुधारलं. फक्त नवं काही डोक्यात टिकेना. चाळीस वर्षांपूर्वीची नाटकं अंकच्या अंक धडाधड म्हणून दाखवायचे, पण सकाळी वाचलेलं पान दुपारपर्यंत पुसलेलं असायचं. हे युनिटमध्ये कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नारळ मिळाला असता. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगा-सून आपापल्या नोकऱ्यांत. "घरात बसवलासा तर आठ दिवसांत मी भिताडाकडं तोंड करून झोपंन," असं ते म्हणायचे, आणि ते खोटं वाटायचं नाही.

इंदूताईंनी ते सावरलं. त्यांना ते नवं नव्हतंच. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागल्या होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर, आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापुरतं ऐकू जाईल असं सांगायचं. बापू त्याच कंपनीत विनोदी कामं करायचे आणि तेव्हाही त्यांना पाठांतराचा कंटाळा. वाक्य संपत आलं की ते डावा कान किंचित विंगेकडे करायचे, आणि विंगेतून पुढचं वाक्य यायचं. पुढे बाई स्वतः रंगमंचावर आल्या, कंपनी बंद पडली, दोघं मालिकेत आली. कान तसाच वळत राहिला. फरक इतकाच की आता विंग नव्हती, म्हणून बाई त्यांचं वाक्य स्वतःच्या प्रश्नात घालून त्यांच्या पुढ्यात ठेवायच्या.

मला हे कळलं ते मी भांडायला गेलो तेव्हा. हवालदाराला लिहिलेली वाक्यं अक्का पळवते अशी माझी तक्रार होती. ताईंनी मला याच कट्ट्यावर बसवलं, सगळं सांगितलं आणि शपथ घातली. त्यानंतर दीड वर्ष मी सीन तसेच लिहीत आलो. बापूंना फक्त उत्तरं, तीही चार शब्दांची, आणि ती उत्तरं अक्काच्या तोंडी आधीच. युनिटमधल्या कुणालाही पत्ता नव्हता.

आणि मग चॅनेलने ठरवलं की मालिकेला तरुण करायचं. नवी चौकी, नवी महिला अधिकारी, जुन्यातलं कुणी नको. कॅन्टीनमध्ये स्फोट होईल आणि दोघं जातील. "रडवा लोकांना," चॅनेलच्या मिताली मॅडम फोनवर म्हणाल्या, "असा निरोप द्या की दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच विषय निघाला पाहिजे."

मी रडवायला बसलो. स्वतःचं लिखाण वाचून स्वतःच रडणारे काही मूर्ख असतात, त्यातला मी एक. स्फोटात अक्का जागीच जाते. जखमी हवालदार तिचं डोकं मांडीवर घेतो आणि आयुष्यभर जे बोलला नाही ते दीड पान बोलतो, आणि बोलता बोलता तोही जातो. मला वाटलं, दुसऱ्याच्या सीनमध्ये उभं राहण्यात या माणसाचा जन्म गेला, जाताना त्याला एक सीन त्याचा मिळू दे. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे हवालदार पाटोळे होता. बापू इंगवले नव्हते. दीड वर्ष ज्या गोष्टीची मी रोज काळजी घेतली ती नेमकी त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नाही. बापूंचा आधार मी पहिल्याच पानावर मारून टाकला होता.

"बदलतो मी," मी ताईंना म्हणालो. "दोघांना एकदम मारतो. नाहीतर तुम्हाला शेवटपर्यंत जिवंत ठेवतो, तुम्ही बोला, ते ऐकतील."

"बदला. पण लवकर. बापूंना मी सकाळपासून तीनदा वाचून दाखवलंय आणि ते हवेत आहेत."

ते खरंच हवेत होते. मेकअपच्या खोलीतून गणवेश चढवून बाहेर आले, कपाळावर खोटी जखम, आणि मला बघितल्याबरोबर वाकायला लागले. मी मागे सरकलो.

"अवो पडू द्या की पाया," बापू म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या सीनात कंदील धरून उभारलोय मी. राजा मेला तरी रडायला दुसराच. आज पैल्यांदा कुणीतरी आमच्या नावानं दीड पान लिवलंय."

"बापू, मी म्हणत होतो, मोठं आहे जरा. आपण तुकड्यांत घेऊ. चार ओळी बोलायच्या, थांबायचं, परत चार ओळी."

"तुकडं मटणाचं करत्यात, लेखक. ह्यो सीन एका दमात हुनार."

"पण ताई तेव्हा मेलेल्या असणार."

"मेली तर मेली. तोंड तर जाग्यावर हाय न्हवं तिचं? मांडीवरच असंल. कानाला लागून." आणि ते ताईंकडे वळले. "व्हय गं इंदू?"

"व्हय," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या.

मी मितालीबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सीन लॉक झालाय, मीटिंगमध्ये सगळे रडले, प्रोमोत 'हवालदारांचे अखेरचे शब्द' असं गेलंय, आता हात लावायचा नाही. मग दिग्दर्शकाकडे गेलो. बावडेकर माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यावर आग होती, अक्षरशः. चार वाजता कॅन्टीन खरोखर पेटवायचं होतं आणि अग्निशामक दलाची गाडी तेवढ्यापुरतीच मिळाली होती. त्याच्या आत हा सीन संपायला हवा होता.

"का बदलायचं?" त्याने विचारलं. "एवढं सुंदर लिहिलंयस. काय अडचण आहे?"

अडचण सांगायची सोय नव्हती. मी म्हणालो, मोठं वाटतंय. तो म्हणाला, स्वतःचं लिखाण मोठं वाटणारा लेखक मी पहिल्यांदा बघतोय, आणि माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

रिहर्सल मात्र झकास झाली. ताई बापूंच्या मांडीवर, तोंड त्यांच्या छातीकडे, आणि पदराच्या आड ओठ हलत होते. बापू अडले की कान किंचित खाली जायचा आणि वाक्य यायचं. माझा तर जीव भांड्यात पडला. कॅमेऱ्यामागून बावडेकर म्हणाला, "फार छान. फक्त अक्काचं तोंड वर करा. लोक तिच्यासाठी रडणार आणि आपण त्यांना तिचा अंबाडा दाखवायचा?"

ताईंचं तोंड वर झालं. वरून दिवा आला. कॅमेरा इतका जवळ आला की पापणी हलली तरी दिसली असती.

पहिल्या टेकला बापू सहाव्या ओळीवर अडले. थांबले, कान खाली केला, काही आलं नाही. "सॉरी," म्हणाले आणि हसले. मी धावत कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिलो, मोठ्या अक्षरांत पुढचं वाक्य लिहिलेला कागद धरला. बापूंना चष्म्याशिवाय चार हातांवरचा माणूस ओळखू यायचा नाही आणि हवालदार पाटोळेला चष्मा नव्हता. मी ओठ हलवून दाखवले. ते माझ्या दिशेला बघतच नव्हते.

दुसऱ्या टेकला त्याच ओळीवर कान खाली आला. आणि ताईंना राहवलं नाही. ओठ जेमतेम हलवून त्यांनी वाक्य सांगितलं. बापूंनी ते झेललं आणि पुढे निघाले, इतक्यात बावडेकर ओरडला, "कट. अहो, मेलेली बाई बोलते कशी?"

सगळं युनिट हसलं. ताई डोळे उघडून हसल्या. बापूही हसले, पण त्यांच्या गणवेशाची पाठ घामाने काळी झाली होती.

बावडेकरने मला बाजूला घेतलं. "म्हातारबुवा दमलेत. एक टेक देतो अजून. नाही झालं तर पाठमोरं घेऊन मोकळा होतो, बोलणं मुंबईत डब करून घेऊ. यांचा हुबेहूब आवाज काढणारा एक जण आहे माझ्याकडे."

म्हणजे बापूंची पाठ आणि दुसऱ्याचा गळा. ज्या दीड पानासाठी हा माणूस माझ्या पाया पडायला निघाला होता, ते दीड पान टीव्हीवर दुसराच कुणीतरी बोलणार आणि बापू घरी बसून ते ऐकणार. मला ते सहन होईना. मेकअपची मुलगी ताईंच्या कपाळावर रक्त नव्याने लावून गेली आणि मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो. बापू पाणी प्यायला उठले होते.

"ताई," मी हळूच म्हणालो, "हा शेवटचा टेक आहे. काहीही झालं तरी हलू नका."

"आणि अडले तर?"

"अडले तर अडू द्या. पाच-सहा ओळी झाल्या तरी त्यांच्या त्यांच्या होतील, बाकीचं मी जुळवून घेईन. पण तुम्ही हललात तर कट. मग पाठमोरा शॉट आणि दुसऱ्याचा आवाज."

ताईंनी मान माझ्याकडे वळवली. खोट्या रक्ताखाली त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"बापूंना सांगितलंत हे?"

"वेळ नाही."

"चाळीस वर्षांत असं केलं नाही मी, लेखक."

"माहितीये."

"बरं," म्हणाल्या, आणि डोळे मिटले. बापू येऊन बसले. ताईंचं डोकं मांडीवर घेताना त्यांनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जागी ऱ्हा गं." कॅमेरा सुरू झाला.

पहिल्या ओळी त्यांनी अशा काही घेतल्या की मी सगळं विसरलो. "अक्का, ऊठ. चौकीत अजून कुणाचा चहा झाला न्हाई. सायेब इच्यारतील, अक्का कुठं गेली, तर म्या काय सांगू? तुझ्याबिगर मला कधी उत्तर आलंय का?" पाच ओळी झाल्या. सहावी झाली. सातव्या ओळीच्या मध्यावर बापू थांबले.

डावा कान किंचित खाली गेला.

काही आलं नाही. बापूंनी वाट पाहिली. कान आणखी खाली नेला, जवळजवळ ताईंच्या ओठांना टेकला. ताईंचा श्वाससुद्धा दिसत नव्हता. बावडेकरचा हात वर होता, कुणीही आवाज करायचा नाही म्हणून. मला ते वाक्य पाठ होतं, मीच लिहिलेलं, चारच शब्द होते. मी ते सांगितले नाहीत.

"इंदू," बापू म्हणाले.

ताई हलल्या नाहीत.

"इंदू, पुढचं सांग की." त्यांनी ताईंचा खांदा धरला. "अगं सांग की. एवढी माणसं उभारल्यात. इंदू?" आवाजातला हवालदार केव्हाच गेला होता. "मी कवा पाठ केलंय गं? तूच सांगत आलीस की. विंगेत बसून तूच सांगत आलीस. आता का गप ऱ्हायलीस?" त्यांनी ताईंना हलवलं, एकदा, दोनदा. ताईंची मान त्यांच्या हातावर सैल लोळली, मेलेल्या माणसाची लोळते तशी. बापूंनी आजूबाजूला बघितलं. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसलं असेल, दिवे आणि काळोख. मग त्यांनी ताईंच्या कपाळावर कपाळ टेकलं आणि रडायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

ताईंच्या मिटल्या डोळ्यातून एक थेंब कानाकडे गेला. कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या डोळ्यातून, मी त्या बाजूला उभा होतो म्हणून मला दिसला. तेवढी चूकसुद्धा त्यांनी झाकून केली.

"कट," बावडेकर म्हणाला. मग टाळ्या सुरू झाल्या. लाइटवाले, मेकअपची मुलगी, इन्स्पेक्टर, सगळे रडत होते आणि टाळ्या वाजवत होते. बापू गोंधळून उठले.

"न्हाई जमलं," ते म्हणाले. "परत घेऊया. सातव्यालाच अडाकलो."

बावडेकरने त्यांना मिठीच मारली. "काय सुचलं हो तुम्हाला. लिहिलेलं सगळं फेकून दिलंत. ते इंदूचं अक्का आणि विंगेचं कॅन्टीन, एवढंच तुमच्याकडून डबिंगला करून घेऊ. बाकी एक शब्द बदलायचा नाही."

बापूंनी त्याच्या खांद्यावरून ताईंकडे पाहिलं. ताई पदराने तोंडावरचं रक्त पुसत होत्या आणि त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

म्हणजे गुपित राहिलं. बापू अडले हे चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं आणि एकालाही कळलं नाही. आवाज त्यांचाच राहिला, सीन त्यांचा झाला. मी जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि मी ताईंकडे न बघता बाहेर निघून आलो.

कॅन्टीन पेटवायच्या आधी शाल-श्रीफळाचा कार्यक्रम उरकला. फोटो झाले. चार शब्द बोला म्हटल्यावर बापूंनी हात जोडले आणि खाली बसले. मग कोल्हापूरला परत जाणारी गाडी आली. निरोपाला बावडेकर, कॅमेरामन, इन्स्पेक्टर असे सगळे गाडीपाशी जमले. ताईंची पिशवी माझ्या हातात होती.

"इंदू," बापू गाडीच्या दारात थांबून म्हणाले, "तुला पुढचं म्हाईत होतं न्हवं?"

"होतं."

"मग?"

ताईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. बापू, मी सांगितलं त्यांना, माझं ऐकून त्या गप्प राहिल्या, एवढंच. पण बावडेकर हातभर अंतरावर उभा होता, बोललो असतो तर सगळं गुपित बाहेर पडलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मी ताईंची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"झोप लागली मला," ताई म्हणाल्या.

"झोप?"

"पहाटे चारला उठले होते. मेल्याचं सोंग घेऊन पडले, दिव्याची ऊब, डोळाच लागला."

"माझ्या सीनाला तू झोपलीस."

"झोपले, बापू."

बापूंनी गाडीच्या दारावरचा हात काढला. "विंगेत उंदीर फिरायचं पायावनं, तवा कधी डोळा लागला न्हाई तुझा," ते म्हणाले. पुढचं दार उघडून ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. ताई मागे एकट्या बसल्या. मी खिडकीतून पिशवी आत दिली. त्यांनी ती घेतली आणि मला म्हणाल्या, "या कधी घरी."

तो भाग प्रचंड गाजला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातच काय, रिक्षातसुद्धा तोच विषय होता. वर्षअखेरीला त्या सीनच्या संवादांसाठी मला पारितोषिक मिळालं. सीनमधल्या पहिल्या सहा ओळी माझ्या होत्या. बाकीच्या माझ्या नाहीत असं सांगायला मी स्टेजवर गेलो, आणि आभार मानून खाली आलो.

कोल्हापूरला ताईंच्या घरी जायला मला सहा वर्षं लागली. बापू गेल्याचं कळलं तेव्हा गेलो. ताईंनी चहा केला. थकल्या होत्या, पण आवाज तोच. बापूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्या राहत होत्या.

"माझं नाव सांगायचं होतंत त्यांना," मी म्हणालो. शेवटी एकदाचं.

"काय सांगायचं होतं? लेखकाचं ऐकलं आणि तुम्हाला वाऱ्यावर सोडलं, असं? त्यापेक्षा झोप बरी. झोपेवर कुणाचा इलाज नसतो."

"रागावले होते?"

"छे. रोज संध्याकाळी यायचे चहाला. शेवटपर्यंत." त्यांनी माझ्यापुढे बशी सरकवली. "शेवटी शेवटी काही राहिलं नव्हतं डोक्यात. मुलाचं नाव आठवायचं नाही. सुनेला बायको समजायचे. चौकी, हवालदार, सगळं पुसलं गेलं. पण दारात आले की आत यायच्या आधी तिथंच थांबायचे."

"का?"

"विचारायचे, इंदू, जागी हायस न्हवं?"

मी कप खाली ठेवला.

"रोज," ताई म्हणाल्या. "मी हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत."